बावन्नातून सत्तावीस गेले, उरले पस्तीस

महिनाभर एक मजकूर फिरतोय. आधी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, मग पालकांच्या, परवा मेव्हण्यानंही पाठवला. मथळा: ‘शिक्षक जन्मावा लागतो, डी.एड. करून होत नाही.’ खाली चार गुण दिलेत: कला उपजत हवी, आवाजात जरब हवी, विषयावर हुकूमत हवी आणि खरा शिक्षक पगार-घड्याळ बघत नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी एकोणीस वर्षं गेली. मजकूर खरा असता तर मला पहिल्याच वर्षी घरी बसावं लागलं असतं.

उपजत म्हणजे काय? पहिल्या वर्षी मी प्रश्न विचारायचो आणि पोरगं तोंड उघडायच्या आत ‘हं, पुढचा!’ म्हणायचो. वर्ग पळतोय याचं समाधान वाटायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर लेकरांची उत्तरं लांबली, गप्प बसणारीही बोलू लागली. थांबायला त्या शिक्षकांना शिकवावं लागलं होतं. आपण ज्याला ‘स्वभावानं शांत मास्तर’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग असा सरावाचा असतो. मी मनात एक-दोन-तीन मोजायचो. आता मोजावं लागत नाही.

ग्रुपवर कुणीतरी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते आणि त्याआधी शिक्षक असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव पुढं केलं, ‘त्यांच्या रक्तातच होतं’ म्हणून. स्वामीजी आधी ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत होते, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, पुढं अंबाजोगाईला. त्या वाटचालीचं श्रेय रक्ताला देऊन टाकणं मला पटत नाही.

जरबेवर फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. कायदा बाजूला ठेवला तरी, भ्यालेलं लेकरू ‘समजलं नाही’ म्हणत नाही, आणि ते म्हणालं नाही तर मला कळणार कसं?

खरा घोळ तिसऱ्या मुद्द्यात आहे. तिसरीतल्या एका पोरीनं ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. वजाबाकी कुणालाही येते, त्यामुळं गणितावर हुकूमत असलेला माणूस फुली मारून मोकळा होईल. पण ३५ आलं कुठून? तिला विचारलं.

“सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.”

“वर दोन आहेत ना, खाली सात?”

“मोठ्यातूनच काढायचं असतंय ना, सर?”

म्हणजे पोरगी चुकत नव्हती, नियम पाळत होती. पहिलीत ‘मोठ्या संख्येतून लहान वजा करा’ असं आम्हीच सांगितलेलं. तुराट्यांच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या केल्या आणि तिलाच एक जुडी सोडायला लावली. सुतळी सुटली, सुट्या काड्या बारा झाल्या, मग हातचा म्हणजे काय ते तिच्या हातातच होतं. ती चूक ओळखायला गणितातली पदवी पुरत नाही, लेकरानं असं का केलं असेल याची खाज लागते.

हीच खाज बंजारा तांड्यावरच्या लेकरांसाठी लागते. घरी गोरमाटी बोलणारं पहिलीतलं पोर आईला ‘याडी’ म्हणतं, आणि आपण त्याला आईच्या चित्राखाली ‘आ’ दाखवतो. मी पंचवीस-तीस शब्द शिकलो, तेही पोरांकडूनच. माझे उच्चार ऐकून ती खो-खो हसायची. सरही चुकतात हे त्यांना दिसलं, त्याचा मराठीच्या तासाला फायदाच झाला.

दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर पडली की निम्मा वर्ग रिकामा होतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात तेव्हा पाढे विसरलेली असतात. ‘मागच्या वेळी शिकवलं होतं’ हे वाक्य त्या दिवसांत गिळावं लागतं. ते गिळणं मी एका ज्येष्ठ बाईंना बघून शिकलो.

राहिला पगार. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला तीन वर्षं महिना ६,००० रुपयांवर काढावी लागायची. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. त्यानं पगार बघायचा नाही तर काय बघायचं? घड्याळ मात्र मी बघतो. साडेपाचची एसटी चुकली की मुक्काम शाळेतच.