ओल्या खोबऱ्याला नाही म्हटलं, ते का

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विमानप्रवासाच्या डब्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत, ‘नारळाची चटणी नको, काळ्या वाटाण्याची उसळ नको, सुकी मासळी नको, मग कोकणातल्या माणसाने न्यायचं काय? आणि तिकिटात जेवण असतं, तर डबा हवाच कशाला?’

आधी चटणीचं सांगतो. आपला विमानप्रवास सुरू होतो तो कुडाळ स्टेशनावर. सकाळी मांडवी एक्सप्रेस धरायची, रात्री ठाण्याला उतरून थेट विमानतळ गाठायचा, मग मुंबई ते अमेरिकेतलं नेवार्क पंधरा तासांच्या वर. पहाटे भरलेला डबा संपेपर्यंत दीड दिवस होतो. 2019 च्या मे महिन्यात आईला बहिणीच्या बाळंतपणासाठी घेऊन गेलो, तेव्हा घावणे आणि चटणीच बांधली होती. विमानात झाकण काढलं तर चटणीला तार सुटलेली, आणि घावणे गार होऊन इतके कडक झालेले की घडी उलगडताना मोडले.

तिकिटातल्या जेवणाचं उत्तरही त्याच रात्रीत आहे. आईला मधुमेह आहे. विमान दोनला सुटलं आणि जेवणाची गाडी आमच्या रांगेपर्यंत यायला पावणेचार झाले. तोवर तिची साखर उतरून दरदरून घाम फुटला होता, बोटं थरथरत होती. मावशीने निघताना केळीच्या पानात गुंडाळून गुळाच्या दशम्या दिल्या होत्या. कणीक दुधात मळलेली, त्यामुळे वीस तासांनीही मऊ. आईने चिमटीएवढे तुकडे करून एक दशमी खाल्ली आणि थोड्या वेळाने म्हणाली, ‘आता बरां वाटता.’ त्या दिवसापासून डब्याशिवाय मी कुणालाही विमानात बसू देत नाही.

वाटाण्याला नाही म्हणण्याचं कारण केबिनमधला दाब. तो सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका कमी ठेवलेला असतो, म्हणून पोटातला वायू पाव ते तिसऱ्या हिश्श्याने जास्त फुगतो. काळे वाटाणे, वाल खाऊन पंधरा तास बसून राहणं म्हाताऱ्या माणसाला फार जड जातं. सुक्या बांगड्याची मला लाज नाही, आमच्या घरी तो रोजचा आहे. पण बाजूच्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, एवढाच विचार.

एक चूक मात्र माझी. हातातल्या पिशवीत आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, बाटली घ्या, असं मी लिहिलं होतं. आंतरराष्ट्रीय विमानात शंभर मिलिलिटरच्या वरचं पातळ पदार्थाचं पात्र हातात नेता येत नाही. तो भाग आज दुरुस्त केला. आगळाऐवजी आमसुलं घ्या, तोंड कोरडं पडलं की एक चघळायचं. बाकी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, नाचणीचे लाडू, भाजलेले काजू, फणसपोळी: यातलं कोकणाबाहेरचं काय आहे, ताई? उरलं तर अमेरिकेत उतरल्यावर कस्टमला आपणहून सांगायचं. आणि मधुमेह असेल तर दशमीची पुरचुंडी वरच्या कप्प्यात नको, पायाशी ठेवा.