‘डी’ची ६०,००० ची कॅप्सूल रोज घ्यायची नसते

सोलापुरात व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: ‘गुडघे-कंबर दुखते? व्हिटॅमिन डीची ६०,००० ची कॅप्सूल रोज घ्या. जास्त झालं तर लघवीवाटे जातं. आपण एवढं ऊन खातो, कुणाला काय झालं?’ हे ऐकून कुणी गोळ्या सुरू केल्या असतील तर आजच थांबवा.

‘रोज घ्या.’ ही कॅप्सूल आठवड्याला एक असते, तीही डॉक्टरांनी ठरवलेले आठवडेच, बहुधा आठ. स्वतःच्या मनाने घ्यायची तर मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० युनिट. रोज एक कॅप्सूल म्हणजे पंधरा दिवसांत ९ लाख युनिट, साडेसात महिन्यांची मर्यादा संपली.

‘लघवीवाटे जातं.’ ‘सी’ जातं. ‘डी’ चरबीत विरघळतं आणि अंगात साठतं.

‘ऊन खातो.’ उन्हाने ‘डी’ची विषबाधा होत नाही, हे खरं. गरजेपुरतं झालं की तेच ऊन कातडीतला जादा कच्चा माल निरुपयोगी करून टाकतं. तोंडावाटे घेतलेल्या कॅप्सूलला असा लगाम नाही.

मग बिघडतं काय? आतडी अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतात, हाडांतूनही ते रक्तात उतरतं. रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरमागे साधारण १०.५ मिलिग्रॅमच्या वर चढत गेलं की मूत्रपिंडाला पाणी नीट धरून ठेवता येत नाही. सारखी लघवी, सारखी तहान, अंग कोरडं पडतं आणि त्यामुळे कॅल्शियम आणखी चढतं. पुढे मुतखडा होतो, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सोलापूरच्या मे महिन्यात तहान आणि थकवा उन्हाच्या खात्यावर जातो, म्हणून इथे जास्त जपायला हवं. तहानेच्या जोडीला बद्धकोष्ठ, मळमळ, भूक मरणं, सुस्ती किंवा असंबद्ध बोलणं असेल तर ते नुसतं ऊन समजू नका.

अशा वेळी ‘डी’ आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सीरम (रक्तातलं) कॅल्शियम, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि अंगातला ‘डी’चा साठा दाखवणारं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासतात. शेवटचा आकडा मिलिलिटरमागे १५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर विषबाधेचा संशय पक्का होतो. गोळ्या थांबवल्या तरी साठा उतरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून कॅल्शियम पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. बीपीसाठी थायाझाइड गटातली लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर धोका वाढतो, ते आधीच सांगा. रिकामी पाकिटं सोबत न्या. सांध्यांच्या किंवा ताकदीच्या दुसऱ्या गोळ्यांतही ‘डी’ असू शकतं, आणि डॉक्टरांना एकूण हिशेब लागतो.