‘ढिल्या पडलेल्या वादळाचा कायले बाऊ करता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ‘हरिकेन लेन’ या चक्रीवादळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं ते थोडक्यात असं: हे वादळ प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या हवाई बेटांना धडकलंच नाही, जवळ येईस्तोवर त्याचा दम निघाला होता, तरी मी किनाऱ्यावरच्या धोक्याचं रामायण लावलं. शिवाय समुद्र न पाहिलेल्या आपल्या वाचकाला त्याचं काय? त्यापेक्षा बोंडअळीवर लिहा.

लेन 22 ऑगस्ट 2018 ला पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत होतं आणि दोन-तीन दिवसांत पार उतरलं, हे खरंच. पण ही श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावर ठरते. पूर्वी तिच्यासोबत समुद्र किती फुगेल याचेही आकडे देत. अमेरिकेच्या हरिकेन केंद्राने 2010 पासून ते काढून टाकले, कारण श्रेणीवरून पाण्याचा अंदाज बांधणारा फसतो. तुमचा सगळा युक्तिवाद त्या श्रेणीवरच उभा आहे.

लेनचा वारा पडला तो उंचावरच्या वाऱ्यांमुळे. त्यांनी वादळाचा वरचा भाग एकीकडे ओढून नेला. पण ढगांतली वाफ कुठं जाणार? ती हवाईतल्या बिग आयलंड या सगळ्यात मोठ्या बेटाच्या डोंगरांवर चढली आणि तिथल्या हिलो शहराच्या बाजूला ओतली. एका ठिकाणी वादळाच्या त्या चार-पाच दिवसांत सुमारे 1,473 मिमी पाऊस मोजला गेला. आपल्या यवतमाळ-वाशीमला एखाद्या साधारण वर्षाच्या अख्ख्या पावसाळ्यात एवढा पडत नाही. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), त्याच दिवसांत शेजारच्या माउई बेटावर, लाहायनाच्या कोरड्या उतारांवर, याच वादळाच्या वाऱ्याने वणवा पसरवला, घरं जळाली. इकडे पूर, तिकडे आग, आणि वादळ मात्र किनाऱ्याला शिवलंही नाही.

आता लाटा. वादळ भर समुद्रात जोरात असताना उठलेल्या लाटा त्याच्या पुढे निघतात आणि शेकडो किलोमीटर जातात. मागे वारा पडला म्हणून त्या थांबत नाहीत. किनाऱ्यावर ऊन पडलेलं असतं, पान हलत नसतं, आणि लाटा मात्र माणसाला खडकावरून ओढून नेतील अशा येतात. त्यांचं साचलेलं पाणी एखाद्या अरुंद जागेतून जोरात माघारी फिरतं, त्याला रिप करंट म्हणतात. पट्टीचा पोहणाराही त्याच्याविरुद्ध हात मारून दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचं असतं.

हवाईला समुद्र किनाऱ्यालगतच खोल होतो, म्हणून बंगालच्या उपसागरासारखं पाणी मैलोन्‌मैल आत शिरत नाही, हे मान्य. पण त्याच खोलीमुळे लाट वाटेत झिजत नाही, ताकदीनिशी किनाऱ्यालगत येऊन फुटते. आणि तिथले कितीतरी रस्ते समुद्राला चिकटूनच आहेत.

राहिला आपल्या गावाचा प्रश्न. 26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. तेलंगणा ओलांडून आपल्याकडे पोचलं तेव्हा ते चक्रीवादळ उरलंच नव्हतं. वाऱ्याने कोणाचे टिनपत्रे उडाल्याचं मला तरी आठवत नाही. पण सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या भिजल्या, उभ्या पिकाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, नाल्याकाठची वावरं खरडून गेली. 28 तारखेला उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली, माणसं गेली. तेच उरलंसुरलं वादळ पुढे अरबी समुद्रात उतरलं, पुन्हा फुगलं आणि ‘शाहीन’ नावाने ओमानवर जाऊन आदळलं. याला दम निघालेलं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

म्हणून उपसागरात पुढचं वादळ उठलं की ‘जमिनीवर येताच जोर ओसरला’ या टीव्हीवरच्या ओळीवर विसंबून सोंगणीला मजूर सांगू नका. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय पावसाचा इशारा बघा. त्यात आपला जिल्हा नारंगी किंवा लाल असेल, तर वारा किती हे विचारायचं कारण नाही. शेंगा वाळल्या असतील तरी सोंगणी दोन दिवस थांबवा आणि आधीच सोंगलेलं असेल तर गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्री घाला.

बोंडअळीवरचा लेख लिहायला घेतलाय. कपाशीत कामगंध सापळे लावायची वेळ येईल तेव्हा टाकतो.