तो पास मूर्खपणाचा नव्हता

‘चेंडू मार्शॉन लिंचच्या हाती दिला असता तर सिएटल जिंकलंच असतं. सुपर बोलच्या इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय!’ १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलबद्दल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याबद्दल, हे अजूनही ठामपणे सांगितलं जातं. लिंच हा सिएटलचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. मला ते साफ अमान्य आहे.

प्रसंग असा: न्यू इंग्लंड २८, सिएटल २४. टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) एका यार्डावर, दुसरा डाऊन (चार प्रयत्नांतला दुसरा), घड्याळात २६ सेकंद, सिएटलकडे एकच टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा). सिएटलच्या रसेल विल्सनने सहकारी रिकार्डो लॉकेटकडे पास टाकला आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो मध्येच पकडला. सिएटल हरलं.

‘लिंच एक यार्ड कधीही काढतो.’ त्या दिवशी त्याने १०२ यार्ड काढले होते, हे खरं. पण २०१४ च्या नियमित मोसमात एका यार्डावरून तो पाचदा धावला आणि टचडाऊन एकदाच झालं.

‘तिथे पास म्हणजे जुगार.’ त्या मोसमात लीगभर एका यार्डावरून शंभराहून जास्त पास टाकले गेले होते. तोवर एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नव्हता.

‘मग तीनदा धावायचं!’ इथे घड्याळाचा विसर पडतो. धावणारा मैदानात पाडला गेला की वेळ चालूच राहते, पास हुकला की थांबते. दुसऱ्या डाऊनला लिंच अडला असता तर टाइमआउट तिथेच खर्ची पडला असता. तिसऱ्याला पुन्हा अडला, तर ढिगातून उठून चौथ्यासाठी उभं राहीपर्यंत सामना संपण्याची भीती. म्हणजे तिसऱ्याला पास येणार हे न्यू इंग्लंडलाही कळलं असतं. त्याऐवजी दुसऱ्यालाच टाकलेला पास हुकला असता, तरी टाइमआउट हाताशी राहून लिंचला दोनदा धाडता आलं असतं. सिएटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांचा हिशेब पक्का होता. शिवाय समोर धाव अडवायला धिप्पाड गडी उतरले होते.

टीका करायचीच तर पासच्या निवडीवर करा. मधल्या गर्दीत तिरका पास देण्यापेक्षा कोपऱ्यात, फक्त लॉकेटलाच गाठता येईल असा द्यायला हवा होता.

मला सर्वांत खटकतं ते हे, की ‘मूर्ख’ म्हणताना बटलरचं श्रेय पुसलं जातं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, कुणीही न निवडलेला हा नवखा पोरगा सरावात याच चालीवर फसला होता. या वेळी त्याने रचना ओळखली आणि लॉकेटच्या आधी धाव घेतली. आणि त्याचा सहकारी ब्रँडन ब्राउनरने सिएटलच्या जर्मेन कर्सला जागीच रोखून धरलं नसतं, तर बटलरला तिथे पोचायला वाटच मिळाली नसती.