गॉथ भाची आणि हणजूणचं ऊन

केतकी गॉथ झाली आहे, हे ताईने फोनवर अशा आवाजात सांगितलं की मी पहिल्यांदा, "डॉक्टर काय म्हणतात?" असंच विचारलं. डॉक्टरांचा संबंध नव्हता. काळे कपडे, काळे ओठ, पावडर फासलेला पांढरा चेहरा आणि मेल्यासारखी गाणी, एवढंच. "तुम्ही गोव्याला चाललाच आहात, तर घेऊन जा तिला. जरा माणसांत येईल," ताई म्हणाली.

पेडण्यापासून म्हापशापर्यंत बसमध्ये माझी शिकवणी झाली. पंक आधीचे. 1976 च्या आसपास लंडनमध्ये बेकार पोरांनी फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडून, केस उभे करून जगाला शिव्या घातल्या, ते पंक. त्यातलेच काही पुढे चिडायचे थांबले आणि उदास झाले, ते गॉथ. 1982 मध्ये सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब निघाला आणि या मंडळींना हक्काचं घर मिळालं. केतकी एरवी गॉथ, पण सणासुदीला पंक.

माझं म्हणणं एवढंच, की हा पंथ ज्या गावात निघाला तिथे आठ महिने ढग असतात. आम्ही मार्च अखेरीला गोव्यात होतो. पारा 33 वर आणि हवा अशी की वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला. त्यात ही मखमलीचा कॉर्सेट, जाळीचे मोजे आणि डॉक मार्टेन्सचे बूट घालून समुद्रावर. बुटाला आठ-आठ भोकं. एका पायात वाळू गेली की सगळ्या नाड्या सोडायच्या, बूट उलटा करायचा, पुन्हा ओवायच्या. तोवर दुसऱ्या पायात वाळू. मी शहाळं संपवून मलईपर्यंत यायचो, तरी हिचा डावा बूट चालूच. डोळ्यांतलं जर्मन वॉटरप्रूफ लायनर दुपारी बाराला गालावर उतरलं. शेवटी मामीच्या पर्समधल्या काजळाच्या डबीने वेळ मारून नेली.

खरेदी बुधवारी हणजूणच्या बाजारात. हा बाजार मूळचा हिप्पींचा. पैसे संपले की गिटार, कॅमेरे, जीन्स विकून ते इथे आणखी चार दिवस राहायची सोय करायचे. आणि पंकांचा जन्मच मुळी हिप्पींना वैतागून झालेला! त्यांचे केस लांब म्हणून यांनी कापले. त्यांची फुलं म्हणून यांच्या पिना. अशा ठिकाणी पंक माल शोधणं म्हणजे मटणाच्या खानावळीत उपासाची थाळी मागणं. पण केतकी हटेना. प्रत्येक दुकानात तेच हत्तीचे पायजमे, तेच ओम, तेच इंद्रधनुष्यी रंग.

"भय्या, थोडं डार्क काही?"

विक्रेत्याने आतून खास ठेवणीतला माल काढला. काळा पायजमा. त्यावर पांढरे हत्ती.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार मात्र पावला. सेफ्टी पिना डझनाने मिळाल्या. "साडीला लावायच्या ना?" दुकानदाराने विचारलं. केतकीने त्या तिथल्या तिथे जॅकेटच्या धडधाकट बाहीला लावायला घेतल्यावर त्याने डोळे मिटले. एक कमी पडली, तर मामीने हातातल्या बांगडीत अडकवलेल्या चारांतली एक काढून दिली. गेली पंचवीस वर्षं ही बाई हातात पिना घालून हिंडते आहे, तिला कोणी पंक म्हणालं नाही.

मग गळ्यात घालायचा काटेरी पट्टा. तो कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात मिळाला.

"जात कुठली?" मालकाने विचारलं.

मी दचकलो. पण तो कुत्र्याबद्दल विचारत होता. "गळा किती असेल?"

केतकीने शांतपणे पट्टा उचलून स्वतःच्या गळ्याला लावून बघितला. "एक भोक आत चालेल," मालकही तितक्याच शांतपणे म्हणाला. गोव्यात आयुष्य काढलेला माणूस.

बाहेर सॉसेजच्या माळा घेऊन बसलेली फ्रॉकमधली एक म्हातारी केतकीकडे बराच वेळ बघत होती. आम्ही जवळ गेलो तसं तिने हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं गे बाय?"

"कोणी नाही. मी अशीच."

"अशीच?" घरातलं माणूस गेलं की वर्षभर काळं घालायची रीत तिने पाळलेली होती. हौसेने काळं घालणारी मुलगी ती पहिल्यांदाच बघत असावी. केतकीने तिला व्हिक्टोरिया राणी सांगितली. 1861 मध्ये नवरा गेला, तेव्हापासून मरेपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं राणीने काळं उतरवलं नाही, आमची फॅशन तिथूनच आली, वगैरे.

"तिला कापडं धुवायला बाई होती," म्हातारी म्हणाली. मग केतकीच्या बाहीची लेस दोन बोटांत धरून चोळली. "मशीनची." आणि सोडून दिली.

त्यानंतर म्हापसा संपेपर्यंत केतकी एक शब्द बोलली नाही.

नाइटलाइफचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. बागाकडच्या एका क्लबच्या दारावरच्या पैलवानाने "कपल?" विचारलं आणि आम्ही दोघं एका सुरात "मामा!" म्हणून ओरडलो. आत सांगलीच्या वरातीत वाजतात तीच पंजाबी गाणी. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकरला कायद्याने बंदी, म्हणजे गॉथ लोकांची जी उठायची वेळ, तेव्हा किनाऱ्यावर आवराआवर.

शेवटी शनिवारी हडफड्याचा रात्रबाजार. केतकीची अट होती की मीही काळंच घालायचं. माझ्याकडे काळा टी-शर्ट एकच, वारीत घेतलेला. छातीवर कमरेवर हात ठेवलेला विठोबा, खाली ठसठशीत देवनागरीत "विठ्ठल". भाचीच्या पट्ट्याकडे, पिनांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. मोहॉक केलेला, म्हणजे डोक्याच्या मधोमध केसांचा उभा तुरा ठेवलेला, एक गोरा पोरगा मात्र थेट माझ्यापाशी आला.

"ग्रेट शर्ट! बँड आहे?"

"मामा, नको," केतकी पुटपुटली.

"बँड म्हणजे... मोठा प्रकार आहे," मी म्हणालो. "दरवर्षी जून-जुलैत असतो. लाखो लोक येतात. चालत."

"चालत? आणि तिकीट?"

"फुकट. वाटेत जेवणही फुकट."

"जागा कुठली?"

"पंढरपूर."

त्याने फोन काढून स्पेलिंग विचारलं. केतकीने माझी बाही ओढली. "मामा, किती खोटं बोलशील?"

"यातलं खोटं काय आहे, ते सांग," मी म्हणालो. ती विचार करत राहिली, आणि तेवढ्यात त्या पोराने तिच्याकडे वळून विचारलं, की तुझा पट्टा कुठे मिळाला?