फोडाची कातडी कापू नका : पदयात्रेच्या त्या मेसेजला उत्तर

रामनवमीला शिर्डीला जाणाऱ्या साईबाबांच्या पालख्या मुंबईतून निघायला महिना उरला की आमच्या मंडळाच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. वर जोडलेले हात, गुलाबाची फुलं, आणि खाली ‘पायी चालणाऱ्यांसाठी रामबाण’. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून कातडं कडक करा. सुतीच मोजे घाला. फोड आला की फोडून वरची कातडी कापून टाका. मोठा असेल तर सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवा, सैनिक असंच करतात. वरून टूथपेस्ट किंवा हळद. मांड्या काचल्या तर भरपूर पावडर. आणि काही झालं तरी थांबू नका, बाबा सांभाळून घेतात.

यंदा तो मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक ट्रेकिंगवाल्यांचा. परळहून शिर्डी म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आठ-नऊ दिवसांची चाल. मी आता चालतो कमी, मुक्कामाला लोकांचे पाय बघतो जास्त. डॉक्टर नाही, प्रथमोपचाराची पेटी सांभाळणारा आहे. पण त्या मेसेजप्रमाणे वागलेले पाय दरवर्षी माझ्यासमोर येतात, आणि पहिल्या वर्षी त्यातले दोन माझेच होते.

आधी ते कडक कातडं. मिठाच्या पाण्याने दमल्या पायांना बरं वाटतं, त्यापलीकडे काही होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याची खरी चूक वेगळीच आहे. त्याला वाटतं बूट वरून घासतो, म्हणून वरचा थर जाड केला की झालं. घासून सालपट निघतं, तो प्रकार निराळा. फोड आतून येतो. मनगटावर बोट जरा दाबून मागे-पुढे करून बघा : बोट घसरत नाही, कातडीच सरकते. टाचेवर हेच चालू असतं. वरची कातडी मोज्याला धरून बसते, आतलं हाड प्रत्येक पावलाला हलतं, आणि मधल्या थरांची ओढाताण होते. हजारो पावलांनंतर तिथे फट पडते आणि फटीत पाणी भरतं. वर घट्टा असेल तर फोड त्या घट्ट्याखाली, खोल होतो. बाहेरून दिसत नाही, सुई पोचत नाही, आणि माणूस तीन दिवस लंगडतो.

तयारी करायचीच तर जे बूट घालून जायचं तेच घालून दोन महिने चाला, अंतर हळूहळू वाढवत. शिवाजी पार्कच्या फेऱ्या चालतील, रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन आलात तर उत्तम, चढ-उतार दोन्ही मिळतात. लेस नीट बांधायला शिका. कसारा घाट चढताना टाच वर उचलली जाते, तिथे सैल बूट म्हणजे दोन्ही टाचांना फोड. कळसूबाईसारख्या डोंगरावरून उतरताना उलटं, बोटं पुढे जाऊन आदळतात, म्हणून अंगठ्यापुढे थोडी जागा हवी आणि नखं कापलेली हवीत.

सुती मोजे घाम टिपतात, हे खरंच आहे. टिपतात आणि धरून बसतात. ओलसर कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणजे वर सांगितलेली ओढाताण वाढते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तो मोजा दिवसभर वाळत नाही. घाट चढून इगतपुरीच्या पुढे गेलात की हवा कोरडी होते, पण तोवर पाय कामातून गेलेले असतात. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या. आत एक पातळ आणि वर एक जाड असे दोन घातले तर सरकणं कातडीत न होता दोन मोज्यांच्या मध्ये होतं. दुपारच्या विसाव्याला मोजे बदला, ओले पिशवीला बाहेरून टांगा. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट म्हणजे कागदी सर्जिकल टेप. केमिस्टकडे मिळते, स्वस्त असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवंटी प्रदेशातल्या २५० किलोमीटरच्या शर्यतींतल्या १२८ धावपटूंच्या पायांवर ती लावून पाहिली, तर टेप लावलेल्या भागात फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. त्याच संशोधकांच्या आधीच्या चाचणीत फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. माझा अनुभव २०१६ च्या निकालाच्या बाजूचा आहे. सकाळी पाय कोरडा असताना, ज्या जागी दरवेळी फोड येतो तिथे एकच थर, सुरकुती न पाडता, कोपरे गोल कापून.

घाम कमी करणारं औषध लावायचं का, असंही कोणीतरी विचारतंच. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या कॅडेटांवर हे करून पाहिलंय, अभ्यास १९९८ चा. निदान तीन रात्री ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्के द्रावण लावून २१ किलोमीटर चालणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, औषध नसलेलं नुसतं द्रावण लावलेल्यांत ४८ टक्क्यांना. पण औषधवाल्यांपैकी ५७ टक्क्यांच्या पायांना खाज-जळजळ झाली. नको ते.

आता कातडी कापण्याबद्दल, कारण सगळं नुकसान इथे होतं.

पहिल्या वर्षी शहापूरच्या मुक्कामात माझ्या दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड होते. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी नेलकटर दिलं, मी वरची कातडी गोल कापून काढली आणि ‘हवा लागू दे’ म्हणून उघडाच झोपलो. दुसऱ्या दिवशी कसारा घाटात प्रत्येक पाऊल निखाऱ्यावर पडत होतं. घोटीला मला सामानाच्या टेम्पोत बसवलं, पातेल्यांच्या मध्ये.

फोडावरची ती सैल, पांढरट कातडी निरुपयोगी वाटते, पण तिच्याइतकी चांगली पट्टी कुठल्याच दुकानात मिळत नाही. खालचा भाग कोवळा असतो आणि नवी कातडी तिच्याच आडोशाला धरते. म्हणून लहान, न दुखणारा फोड असेल तर हात लावू नका. फोमची किंवा फेल्टची चकती मध्ये भोक पाडून त्याच्याभोवती बसवा, म्हणजे दाब बाजूला जातो. मोठा असेल, दाबाच्या जागी असेल आणि उद्या चालायचंच असेल तर पाणी काढावं लागतं, ते असं : साबणाने हात आणि पाय धुवायचे, केमिस्टकडची पाकीटबंद निर्जंतुक सुई घ्यायची, फोडाच्या कडेला खालच्या बाजूला दोन ठिकाणी टोचायचं, गॉजने हलकेच दाबून पाणी काढायचं, आणि कातडी होती तशी खाली बसवायची. वर पेट्रोलियम जेली, न चिकटणारी पट्टी, मग टेप. रात्रीत पुन्हा भरला तर पुन्हा काढा. आत रक्त दिसत असेल तर टोचू नका. कातडी आपोआप फाटून लोंबत असेल तर तेवढी मळकी चिंधी कापा, बाकीची राहू द्या. उघड्या जखमेवर स्पिरिट ओतणारे शूर लोक आमच्या पालखीत आहेत. त्याने झोंबतं आणि कोवळं मांसही दुखावतं. साधं स्वच्छ पाणी पुरे.

दोऱ्याचं तर्कशास्त्र मला कळतं : वातीसारखा तो पाणी बाहेर आणत राहील. पण वात दोन्ही बाजूंनी चालते. दिवसभर मोज्यातल्या घामात आणि रस्त्याच्या धुळीत भिजणारं ते टोक जंतूंना थेट आत नेतं. फोडातल्या जंतुसंसर्गाला हसण्यावारी नेणाऱ्यांना मी नेहमी एक उदाहरण देतो. १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विषबाधा झाली आणि आठवड्याभरात तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, आज आहेत, पण ती घ्यायला दवाखान्यात जावं लागतं. भोवती पसरत जाणारी लाली, पू, वर सरकणारी लाल रेघ किंवा ताप, यातलं काहीही दिसलं तर पालखी सोडा. धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली ते निघण्याआधी आठवा. पावसाळ्यात ट्रेक करणाऱ्यांनी तर पायाला उघडी जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यात उतरूच नये. अशा पाण्यातून जखमेवाटे शिरणारा लेप्टोचा ताप मुंबईकरांना नव्याने सांगायला नको.

टूथपेस्ट दातांसाठी असते. हळद स्वयंपाकघरातल्या डब्यातली असते, त्यात किती हात बुडालेत ते आठवा.

मांड्या काचण्याबद्दल लोक बोलायला लाजतात, आणि ऐनवेळी तंगड्या फाकवून चालतात. पावडर पहिला तासभर बरी वाटते. मग घामात तिचे गोळे होतात आणि तेच काचायला लागतात. लांब पायांची घट्ट सायकलिंग शॉर्ट्स आत घाला, वर लेंगा असो की साडी. व्हॅसलिन लावा, पण एकदा लावून विसरू नका, दर विसाव्याला पुन्हा लावा. मुक्कामाला जांघ धुऊन, पूर्ण कोरडी करून, सैल काहीतरी घालून झोपा. आणि कृपा करून ‘खाजेचं मलम’ म्हणून मिळणारी ती तिहेरी मिश्रणं चोळू नका. त्यांत बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस लाली दबते, आणि तिथे नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो. मग मे महिन्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे रांग.

राहिलं ‘थांबू नका’. फोड येण्याआधी ती जागा तापते, चुरचुरते. त्या क्षणी बाजूला बसून मोजा काढला, पाय पुसला, टेप लावली, तर पाच मिनिटांत काम होतं. पण झेंडा पुढे जातो, ढोल पुढे जातात, आणि मागे पडायची लाज वाटते. बाबांना या लाजेत ओढायचं कारण मला कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सिन्नरच्या अलीकडे आमच्याच चाळीतले एक काका पाय धुवायला बसले. मोजा तळव्याला चिकटला होता, ओला करून सोडवावा लागला. चवड्याखालचा फोड कधीच फुटून त्यात खडी रुतली होती. मी विचारलं, “काका, दुखलं नाही?” ते हसले. “अजिबात नाही. बाबांची कृपा.” काकांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. त्यांच्या पायातली जाणीवच गेली होती. मी पट्टी केली, टेम्पोवाल्याला हाक मारली, आणि ते रागावलेले असतानाच त्यांना नाशिकच्या रस्त्याला लावलं. तेव्हापासून साखरेचे पेशंट किती आहेत ते मी निघण्याआधी विचारून घेतो, आणि रोज रात्री बॅटरी घेऊन सगळ्यांत आधी त्यांचे तळवे बघतो, ते दुखत नाही म्हणाले तरी.