दुखणं अंगावर काढलं म्हणून निदान उशिरा?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं सार असं: बायकांचं आणि वंचित समाजातल्या रुग्णांचं निदान उशिरा होतं, कारण ते दुखणं अंगावर काढतात. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, मग अन्याय कसला? आणि यंत्रं, रिपोर्ट तर सगळ्यांना सारखेच. वाचून संताप येतो, कारण यात सगळा दोष आजारी माणसाच्याच माथी मारलाय.

'अंगावर काढतात.' काही जण काढतातही. पण एंडोमेट्रिओसिस घ्या. प्रजननाच्या वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांना तो असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. पाळीत असह्य दुखतं, काहींना शौचाला बसतानाही कळा येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निदान व्हायला 4 ते 12 वर्षं लागू शकतात. ही सगळी वर्षं त्या बाईनं तोंड मिटून काढलेली नसतात. ती अनेकदा डॉक्टरकडे जाऊन आलेली असते, 'पाळीत दुखायचंच', 'टेन्शन घेऊ नका' हे ऐकून पेनकिलर घेऊन परतलेली असते. साध्या सोनोग्राफीत हा आजार पुष्कळदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की तिचं दुखणंच खोटं ठरतं.

'जास्त जगतात.' जगतात, पण जास्त वर्षं मिळाली म्हणून निदान वेळेवर झालं असं होत नाही.

'यंत्रं सगळ्यांना सारखीच.' हा मुद्दा सगळ्यांना पटतो, म्हणूनच जास्त घातक आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, आणि त्वचेला गडद रंग देणारं मेलॅनिनही तो प्रकाश शोषतं. 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के निघालं, कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के. आकडा ठीक दिसला की ऑक्सिजन लावायचं लांबतं. कोविडच्या काळात याच आकड्यावर ॲडमिशन ठरत होतं.

किडनीचा रिपोर्ट तर आणखी वाईट. क्रिएटिनिनवरून (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) किडनीचं काम मोजणाऱ्या एका जुन्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला 1.212 नं गुणायचं, असं लिहिलेलंच होतं. म्हणजे 18 चे जवळपास 22. आकडा जितका कमी, तितकी किडनी कमजोर, म्हणजे गुणल्यावर ती कागदावर बरी दिसते. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजायला 20 किंवा त्याखालचा आकडा लागतो. तेच रक्त, तीच किडनी, पण वंशामुळे माणूस रांगेबाहेर. वंशाचा गुणक नसलेलं सूत्र 2021 मध्ये आलं. या गुणकामुळे मागे राहिलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांना हुकलेला प्रतीक्षाकाळ हिशोब करून परत द्यावा, हा नियम लागू व्हायला 2023 उजाडलं.